पुरस्काराआधी चित्रपट दाखवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांसाठी एका प्रेक्षकाची पसंती आणि नामांकित चित्रपटांच्या जाहीर खेळांबाबत विनंती

महोदय,

स. न. वि. वि.

राज्य पुरस्कारांसाठी परीक्षक नेमण्याचा अधिकार शासनाचा आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरीही तिकीट काढून चित्रपट पाहणाऱ्यालाही स्वतःचे मत असतेच. २०२५ साली चित्रपटगृहांत आलेल्या मराठी चित्रपटांपैकी पुरस्कार कोणाला मिळावा असे मला वाटते, ते मी येथे मांडत आहे. यांतले काही चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेमुळे शासनाच्या हिशेबात वेगळ्या वर्षात पडतील, याची मला कल्पना आहे.

सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून माझे मत जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला आहे. चित्रपटाची सुरुवातच मुळी उलटी आहे. पाहायला आलेल्या बायका ऐसपैस बसल्या आहेत, मधोमध एक मुलगा अवघडून बसला आहे, आणि त्याची उंची, रंग, शिक्षण यांची उलटतपासणी चालली आहे. प्रेक्षागृहात हशा पिकतो. ते नायिका सविताचे स्वप्न असते. पुढे प्रत्यक्षात सविता त्या जागी बसते तेव्हा प्रश्न तेच असतात, फक्त आता कोणी हसत नाही. दर खेपेला तीच तयारी, तेच पोहे आणि तीच उत्तरे दाखवण्याचा धीर दिग्दर्शकाने दाखवला आहे. एखाद्या चलाख संकलकाने त्यातली दोन स्थळे सहज कापली असती आणि चित्रपटाचा जीवच गेला असता. चंद्रपूर जिल्ह्यातले गाव, तिथलीच माणसे, त्यांचीच बोली आणि बापाच्या डोक्यावर कापसाच्या भावाचा घोर, यांपैकी काहीही सजावट म्हणून आलेले नाही. स्मिता पाटील यांच्या नावाचा अभिनेत्रीचा पुरस्कारही मी सविता साकारणाऱ्या नंदिनी चिकटे हिलाच देईन. ‘जारण’मधल्या अमृता सुभाष यांचे काम अधिक अवघड आहे, हे मान्य करूनही देईन, कारण मान खाली घालून बसलेल्या मुलीच्या मनात काय चालले आहे ते शब्दांवाचून कळवणे मला जास्त मोलाचे वाटते.

दिग्दर्शनासाठी रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’पुढे मला दुसरे नाव सुचत नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट पार्श्वसंगीताच्या कुबड्या न घेता सांगितलेली आहे. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि नातेवाइकांचे ‘लग्नाचं काय?’ हे टुमणे आपल्यालाही आनंदइतकेच नकोसे होते. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला जागतिक कथाचित्रपट विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मात्र तो मोजक्याच पडद्यांवर लागला.

अभिनेत्याचा पुरस्कार ‘दशावतार’मधल्या बाबुली मेस्त्रीसाठी दिलीप प्रभावळकर यांना मिळावा. फक्त सूत्रसंचालकाने त्यांच्या वयाचा आकडा सांगून टाळ्या मागू नयेत, एवढी माझी अट आहे; ज्येष्ठतेसाठी व्ही. शांतारामांच्या नावाचा जीवनगौरव आहेच, आणि ही भूमिका त्या कौतुकाच्या आधाराशिवाय उभी राहते. सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून ‘आता थांबायचं नाय’. रात्रशाळेत दहावीला बसणाऱ्या महापालिकेच्या कामगारांकडे त्याने दयेने पाहिले नाही, हे कारण मला पुरेसे आहे. संतोष डावखर यांच्या ‘गोंधळ’ला इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दिग्दर्शनाचे रौप्य मयूर मिळाले आहे, मी त्याला पांडुरंग नाईक यांच्या नावाचा छायालेखनाचा पुरस्कार देईन.

ही यादी कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. अडचण वेगळीच आहे. या यादीशी वाद घालायला हे चित्रपट पाहिलेला माणूस भेटत नाही. ‘पाणी’ या मराठी चित्रपटाला २०१८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ मध्ये जाहीर झाला आणि तो चित्रपटगृहांत आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली पाच वर्षे त्याची फक्त कीर्ती ऐकायची. राज्य पुरस्कारांचेही तेच. नामांकने वर्तमानपत्रात येतात, त्यातल्या कित्येक चित्रपटांची नावे आपण तिथेच पहिल्यांदा वाचतो, सोहळा झगमगाटात पार पडतो, आणि पुरस्कार योग्य होता की नाही हे सांगण्याची सोयच प्रेक्षकाला उरत नाही. मल्टिप्लेक्सना २०१५ पासून मराठी चित्रपटांच्या वेळांबाबत नियम लागू झाले खरे, पण ज्याला वितरकच नाही त्याला वेळेच्या नियमाचा काय उपयोग?

महोदय, यावरचा तोडगा आपल्याच खात्यात आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी हौशी राज्य नाट्य स्पर्धा भरवते. गावोगावच्या केंद्रांवर नाममात्र तिकिटात प्रेक्षक येतात, परीक्षक पाहतात तेच नाटक त्याच रात्री पाहतात, आणि निकाल लागला की चहाच्या टपरीवर परीक्षकांचे वाभाडेही काढतात. त्या वाभाड्यांमुळे स्पर्धेची अप्रतिष्ठा झाली, असे मी कधी ऐकलेले नाही. चित्रपटांच्या बाबतीत हे आणखी सोपे आहे. प्रोजेक्टर, पडदा, सभागृह आणि निर्मात्याची परवानगी एवढेच लागेल. प्रवेशिका स्वीकारतानाच अशा एका जाहीर खेळाची संमती अर्जात घेता येईल आणि निर्मात्याला त्या खेळाचे वाजवी मानधनही देता येईल.

तरी नामांकने जाहीर झाल्यापासून सोहळ्यापर्यंतच्या काळात अंतिम फेरीतले सर्व चित्रपट नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवर दाखवावेत आणि निकालासोबत प्रत्येक पुरस्कारामागचे परीक्षकांचे कारण चार ओळींत प्रसिद्ध करावे, ही विनंती. सर्व केंद्रे पहिल्याच वर्षी जमणार नसतील, तर सुरुवात चंद्रपूरच्या प्रियदर्शिनी सभागृहापासून करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मराठी प्रेक्षक