‘सदर इसम मिळून आला नाही’

मा. संपादक,

पोटगीच्या वसुलीसाठी निघालेलं वॉरंट तिसऱ्यांदा परत आलं. शेरा तोच: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ त्याच आठवड्यात हा इसम मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसून तिचा नाच मोबाइलवर टिपत होता. मला बघून हसलासुद्धा.

आदेशानंतर चार महिने पैसे आले, मग बंद. विचारलं तर म्हणतो, ‘महिनाभर आत बसेन, पण देणार नाही.’ आत बसलं की हिशेब मिटतो, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. तुरुंग हा वसुलीसाठीचा दट्ट्या आहे, त्यानं देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये कुलदीप कौर खटल्यातच सांगितलंय. पण ते लागू व्हायला आधी माणूस ‘मिळून’ यावा लागतो ना!

पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. दोन्हीकडे अट एकच: रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती, मी चौदा महिन्यांनी कोर्टात गेले. सुरुवातीच्या महिन्यांचं वॉरंट हातचं गेलं. आदेश मोडणारा तो आणि मुदत माझी संपते!

मग कोर्टाच्या अवमानाचा अर्ज का करत नाही, असं सगळे विचारतात. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. वकील म्हणतात, आधी वसुलीचा मार्ग संपवा. १९७१च्या अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आहे आणि दंड फार तर दोन हजार रुपये. आदेश कोर्टाचा आणि तो मोडल्याचं कोर्टाला पटवण्यासाठी वकील, फी, खेटे मात्र माझे.

माझं मागणं मोठं नाही. वॉरंट परत करताना कुठल्या दिवशी, किती वाजता गेलो, कुणाकडे चौकशी केली, एवढं तरी शेऱ्यात लिहायला लावा. नोकरी करणाऱ्याची पोटगी त्याच्या पगारातूनच कापून घ्या.

पुढची तारीख महिनाभरानं आहे. शाळेनं पालकांना पाठवलेला स्नेहसंमेलनाचा फोटो मी या वेळी अर्जाला जोडलाय. पहिली रांग, डावीकडून तिसरा.

— एक वाचक
(मुलगी शाळेत आहे, कृपया नाव छापू नये.)