भागीदाराचे नाव कागदावर हवे

संपादक महोदय,

कंपन्या संशोधनासाठी भागीदार का धरतात, यावरचा कालचा लेख वाचला. खर्च वाटला जातो, जोखीम कमी होते, एवढ्यावर लेखकाने विषय आटोपला. खरे कारण राहूनच गेले. सगळे ज्ञान एकाच्या घरात कधीच नसते. आफ्रिकेसाठीची मेनिंजायटिसची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. पण तिच्यातले मुख्य तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, आणि प्रकल्प उभा केला तो ‘पाथ’ ही ना-नफा आरोग्यसंस्था व जागतिक आरोग्य संघटनेने. 2010 मध्ये बुर्किना फासोत ती टोचली जाऊ लागली, तीही 50 सेंटपेक्षा कमी दरात. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हते.

श्रेयाबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. कोव्हॅक्सिन या कोविडच्या लसीसाठी विषाणू वेगळा करून दिला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही). तरी लस बनवणाऱ्या भारत बायोटेकच्या पेटंटच्या अर्जात तिच्या मातृसंस्थेचे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) नाव नव्हते. अनवधानाने राहिले, असे सांगून 2024 मध्ये ते घातले गेले. सरकारी संस्थेची ही गत, तर आमची काय असणार?

भोसरीत माझे डाय-कास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू साच्यात (डायमध्ये) दाबून भाग बनवण्याचे, छोटे युनिट आहे. एका मोठ्या कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगमध्ये (यंत्राच्या बाहेरच्या कवचात) ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या येत होत्या, मशिनिंग केले की उघड्या पडायच्या. त्यांचे इंजिनिअर आमच्याकडे रात्र-रात्र बसले. आम्ही धातू साच्यात शिरतो त्या गेटची जागा बदलली, हवा निघायला व्हेंट वाढवले, ट्रायलवर ट्रायल घेतल्या. सॅम्पल पास झाले. मग आमच्या सुधारणांसकट तेच ड्रॉइंग दुसऱ्या व्हेंडरकडे गेले, कारण त्याचा रेट कमी होता. कमी असणारच! ट्रायलचा खर्च आम्ही सोसला होता. विचारायला गेलो तर परचेसवाले म्हणाले, ‘डेव्हलपमेंटचा करार कुठे आहे?’ करार त्यांनीच कधी केला नव्हता. अशाने पुढच्या वेळी कोण जीव ओतून काम करेल?

आणि जाता जाता पैशांचेही सांगतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवे. त्या सॅम्पलच्या डायचे पैसे मिळायला वर्ष उलटले. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे एमआयडीसीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या उद्योग पानावर यावर कधी लिहून आलेले मी पाहिले नाही. ते छापावे, ही विनंती.

– एक लघुउद्योजक, भोसरी