दूरशिक्षणाने इतिहास शिकू पाहणाऱ्या मित्रास

नाशिक

प्रिय मित्र सदानंद यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरचे माग आणि दुकानाचा हिशेब सांभाळून ऑनलाइन दूरशिक्षणाने इतिहासाची पदवी घेणे जमेल का, आणि घेतली तर तिला किंमत राहील का, असे तू विचारले आहेस. किमतीचे आधी सांगतो. मान्यताप्राप्त विद्यापीठातून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ज्या वर्षी प्रवेश घेशील त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घे. मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

जमण्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. व्याख्याने रात्री जेवणानंतर ऐकता येतात, न कळलेला भाग पुन्हा लावता येतो, स्वयंअध्ययनाची पुस्तके सोप्या मराठीत असतात आणि संपर्कसत्रे बहुधा सुट्टीच्या दिवशी ठेवतात. वेळेचा प्रश्न त्यामुळे सुटतो. खरी अडचण वेगळी आहे. वर्गात शेजारी कोणी नसते, शंका विचारली तर उत्तर चार दिवसांनी येते, आणि परीक्षा जवळ आली की बाजारातील प्रश्नसंच हाच अभ्यास होऊन बसतो. माझ्या ओळखीचे कितीतरी हुशार विद्यार्थी या वाटेने पदवीपर्यंत पोहोचले, पण एकही मूळ साधन त्यांनी डोळ्यांखालून घातले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक उदाहरण देतो. ते तुझ्याच व्यवसायाचे आहे. सातवाहन काळावरील पाठात एक वाक्य हमखास असते: ‘त्या काळी व्यावसायिकांच्या श्रेणी व्याजाने ठेवी स्वीकारत.’ श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. परीक्षेत तेवढे लिहिले तरी गुण मिळतात. पण आपल्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात याचा प्राकृतातील लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे, त्यात या वाक्याचा सगळा हिशेब मांडला आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, असेही त्यात आहे. आता तू वहीत आकडेमोड कर. २००० चे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून २४०च होतात. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदवल्याचाही उल्लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या विणकरांवर राजाच्या जावयाने एवढा विश्वास का टाकला असेल, त्या पैशाचे ते काय करत असतील, सूत घेत असतील की उधारीने देत असतील, असे प्रश्न हा हिशेब जुळला की आपोआप सुचू लागतात. माझ्या मते इतिहासाचा अभ्यास येथून सुरू होतो. गंगापूर धरणाच्या वाटेवरचे गोवर्धन तू पाहिले आहेस. मुक्त विद्यापीठाचा परिसरही तिथेच आहे.

पुढे याच नहपानाचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पराभव केला. त्याचा पुरावा १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे मिळाला: नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने मारलेला स्वतःचा ठसा. जुन्या राजाच्या मुखवट्यावर नवे चिन्ह उमटलेले अशा नाण्याचे छायाचित्र नीट पाहिल्यावर सत्तांतराविषयी वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

ही साधने मिळवायला पुण्या-मुंबईला जावे लागेल, ही तुझी समजूत आता मनातून काढून टाक. नाशिकच्या कोरीव लेखांचे वाचन फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. ते आणि नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर, हे दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येते. भाषा इंग्रजी आहे, पण एका बैठकीत एकच लेख घेतला तर शब्दकोशाच्या मदतीने निभावते. मराठी ग्रंथांसाठी इथले सार्वजनिक वाचनालय आहे. ते १८४० पासूनचे आहे.

वादविवादाची उणीव मात्र यंत्राने भरून निघत नाही, म्हणून माझी एक विनंती आहे. तू प्रवेश घेतलास तर दर आठवड्याला आपण एक प्रश्न ठरवू, दोघे स्वतंत्र उत्तरे लिहू आणि फोनवर एकमेकांची उत्तरे तपासू. पुरावा कोठे आहे, एवढेच मी पुन्हा पुन्हा विचारेन. तूही मला तेच विचार. हाताने लिहिण्याचा सरावही त्यातून होईल, आणि लेखी परीक्षेत त्याचा फार उपयोग होतो.

पहिला प्रश्न आताच सांगून ठेवतो. काकांच्या तरुणपणी येवल्यात पैठणी विणणाऱ्याला रेशमासाठी आगाऊ पैसे कोण देत असे, कोणत्या बोलीवर देत असे, आणि त्याची नोंद कोठे होत असे, हे त्यांना निवांत विचारून जसेच्या तसे लिहून घे. घरात जुन्या वह्या असतील तर त्या पावसाळ्यापूर्वी कोरड्या जागी हलव. प्रवेशाचे काय ठरले ते कळव. काकांना व काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित,
माधव