वुन्ट यांना हे वाक्य पटले नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मनोविकारांवरचा लेख फार आवडला. त्यात ओघात एक वाक्य आले आहे: १८७९ साली विल्हेल्म वुन्ट यांनी जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या जोखडातून सुटले. साल बरोबर, गाव बरोबर, नावही बरोबर. ‘जोखड’ हा शब्द मात्र मला लागला. अकरावी-बारावीला तीस वर्षे मी हा विषय शिकवला. हेच वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये इतक्यांदा तपासले आहे, की आज त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुळात वुन्ट हे लाइपझिगला तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. प्रयोगशाळेतले निष्कर्ष छापण्यासाठी १८८१ मध्ये त्यांनी नियतकालिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘तात्त्विक अभ्यास’. पुढे १९१३ मध्ये जर्मनीतल्या शंभराहून अधिक तत्त्वज्ञांनी सह्या करून मागणी केली, की तत्त्वज्ञानाच्या जागांवर प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना नेमू नका, त्यांना वेगळ्या जागा द्या. तेव्हा वुन्ट ऐंशीचे होते. ज्यांना आपण या फारकतीचे जनक म्हणतो, त्यांनीच पुस्तिका लिहून फारकतीला विरोध केला. मानसशास्त्रातले सर्वांत मोलाचे प्रश्न तत्त्वज्ञानात गुंतलेले आहेत आणि ताटातूट केली तर दोघांचेही नुकसान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. भाषा, पुराणकथा, रूढी यांतले मन प्रयोगशाळेत सापडत नाही, असेही ते मानत. त्यासाठी आयुष्याची शेवटची वीस वर्षे घालून त्यांनी दहा खंड लिहिले. मुलांना हे सांगितले की ती चकित होतात, कारण त्यांनी वुन्ट म्हणजे फक्त १८७९ एवढेच पाठ केलेले असते.

मन मोजण्याची कल्पनाही एका तात्त्विक ध्यासातून आली. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७८६ मध्ये लिहून ठेवले होते, की मनाच्या अभ्यासाला गणित लागू होत नाही, म्हणून ते खऱ्या अर्थाने विज्ञान होणार नाही. शिवाय मन स्वतःकडे पाहू लागले की पाहण्यानेच ते बदलते. पुढे विद्यापीठात त्यांच्याच जागेवर आलेल्या हर्बार्ट या तत्त्वज्ञाने मनाचे गणित मांडले, पण प्रयोगाच्या वाटेला ते गेले नाहीत. ती वाट गुस्टाव फेख्नर यांनी काढली. हे लाइपझिगचेच, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रंगीत काचांतून सूर्याकडे बघण्याचे प्रयोग करता करता त्यांचे डोळे गेले, नोकरी सुटली, काही वर्षे अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. दृष्टी परत आली तेव्हा मन आणि भौतिक वस्तू या एकाच तत्त्वाच्या दोन बाजू आहेत, हे सिद्ध करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना सुचले, की बाहेरचा उद्दीपक (उजेड, आवाज, वजन) आणि आतले संवेदन यांचे नाते अंकांत मांडता येईल. त्याच शहरातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेबर यांनी वजने उचलायला लावून केलेले प्रयोग त्यांच्या कामी आले आणि १८६० मध्ये त्यांचा मनोभौतिकीवरचा, म्हणजे उद्दीपक आणि संवेदन यांच्या मोजमापावरचा, ग्रंथ निघाला. वुन्ट यांची प्रयोगशाळा त्यानंतर एकोणीस वर्षांनी उघडली.

वेबर यांचा हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करत असे. साहित्य म्हणजे तांदळाच्या पुरचुंड्या, रुपयाची नाणी आणि डोळ्यांवर बांधायला रुमाल. दोनशे ग्रॅमच्या पुरचुंडीत एक नाणे टाकले तर फरक कळत नसे. दोन-तीन टाकली की ‘आता जड झाली’ असे उत्तर येई. किलोच्या पिशवीत मात्र सहा-सात नाणी टाकली तरी मुले अडखळत. फरक जाणवायला किती भर लागेल, हे आधीच्या वजनाच्या प्रमाणात ठरते. वेबर यांनी उचललेल्या वजनांसाठी ते प्रमाण साधारण चाळिसावा हिस्सा असे काढले होते. एका वर्षी एका मुलीने रुमाल सोडला आणि विचारले, “मॅडम, आपण तांदूळ मोजले की माझं मन?” तिने कान्ट वाचलेले नव्हते. तिच्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला आणि तो तास वाया गेला असे मला कधीच वाटले नाही.

अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत असे प्रश्न ‘ते तत्त्वज्ञानात येतं’ म्हणून बाजूला सारले जातात. मीही सुरुवातीच्या वर्षांत ते केले आहे, त्याची खंत वाटते. समुपदेशक व्हायचे स्वप्न घेऊन या विषयाकडे येणाऱ्या मुलांनाच हे प्रश्न सर्वांत जास्त लागणार आहेत. औषधाची गोळी पोटात जाते आणि उदासी हटते, ती कशी? १६४३ मध्ये बोहेमियाच्या एलिझाबेथ या चोवीस वर्षांच्या राजकन्येने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांना पत्र लिहून जवळपास हेच उलट बाजूने विचारले होते: आत्म्याला आकार नाही, वजन नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्त यांना तिचे नीट समाधान करता आले नाही. पण त्या पत्रव्यवहारातूनच भावनांवरचा त्यांचा ग्रंथ आकाराला आला आणि १६४९ मध्ये छापला गेला.

आपल्याकडेही कोलकाता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला तो ब्रजेंद्रनाथ सील या तत्त्वज्ञानेच.

म्हणून विनंती, की ‘जोखडातून सुटले’ हे शब्द पुढच्या अंकात दुरुस्त करावेत. आणि लेखमालेत जागा असेल तर एलिझाबेथच्या पत्राला एक रविवार जरूर द्यावा. अकरावीच्या मुलांना ते सहज समजते. मी वर्गात त्याचा मराठी सारांश वाचून दाखवत असे.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा