काकांना पैसे देण्याआधी

मस्कत,
शुक्रवार

तीर्थरूप आप्पा व सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल फोनवर आईचा आवाज चढला आणि तुम्ही गप्प झालात. तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहून पाठवते. काकांना चार लाख द्यायचे की नाही, हा निर्णय तुमचाच. एवढ्या वर्षांचा दोस्त, मुलाच्या गाळ्याची अनामत अडलेली. तुम्हाला नाही म्हणवत नाही हे आईलाही कळतं. "परत कधी देणार?" एवढं तुम्ही विचारलं नाहीत, याचा तिला राग आहे, आणि तो रास्त आहे. घेणारा म्हणतो "सोयीने देतो", देणारा म्हणतो "सावकाश द्या". घेणाऱ्याच्या मनातली सोय दोन वर्षांची असते, देणाऱ्याचं सावकाश सहा महिन्यांचं. सातव्या महिन्यापासून एक जण वाट बघत बसतो आणि दुसऱ्याला त्याची कल्पनाही नसते. मग पारावरचं बसणं कमी होतं.

आधी रक्कम. परत आले नाहीत तरी घरखर्च आणि आईच्या औषधांना धक्का लागणार नाही, तेवढेच द्यावेत. माझ्या मते दोन लाख. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याज कमी करतात, म्हणून मोठी ठेव मोडू नका. जिची मुदत संपत आली आहे तीच वापरा. "दोनच जमतात" हे आजच स्पष्ट सांगा. चारांची आशा लावून ऐनवेळी दोन दिलेत तर त्यांना जास्त लागेल.

पैसे रोख देऊ नका. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम कर्जाऊ रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही. पंधरा-पंधरा हजारांचे तुकडे केले तरी आधीची बाकी धरून एकूण २०,००० झाले की नियम लागतोच. परतफेडही तशीच, बँकेतूनच. दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो आणि तो काकांवर बसतो: घेताना घेणारे म्हणून, फेडताना फेडणारे म्हणून. दोघांचंही उत्पन्न केवळ शेतीचं असून करपात्र काही नसेल तर सूट आहे, पण तुम्ही दोघेही पेन्शनवाले, ती आपल्याला लागू नाही. बँकेत जाऊन एकदाच एनईएफटी करा आणि शेऱ्यात "हातउसने" लिहायला सांगा. तो एक शब्द नसेल तर पुढे ती रक्कम देणगी होती की जुनी देणी, यावरून वाद होऊ शकतो.

आता कागद. स्टॅम्पपेपर, नोटरी काही नको. साध्या कागदावर काकांच्या हस्ताक्षरात एवढंच:

"मी (पूर्ण नाव, पत्ता) आज दि. … रोजी आपणाकडून (तुमचं पूर्ण नाव) रु. २,००,००० (अक्षरी रुपये दोन लाख फक्त) बँकेमार्फत हातउसने घेतले. ही रक्कम आपणास किंवा आपण सांगाल त्यांस मागणी करताच परत देण्याचे वचन देतो."

खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून सही अशी घ्या की अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर येईल. तिकीट रद्द झाल्याची ती खूण. कोरं राहिलेलं तिकीट नसल्यासारखंच धरतात. वचनचिठ्ठीला (म्हणजे वरच्यासारख्या कागदाला) वेळेवर तिकीट लागलं नाही तर नंतर दंड भरूनही ती पुराव्यात घेत नाहीत. इतर बऱ्याच कागदांना मिळते ती सवलत हिला नाही. साक्षीदाराच्या सह्या नकोत. "आपण सांगाल त्यांस" हे शब्द गळले आणि साक्षीदाराची सही आली, तर तोच कागद बंधपत्र ठरतो आणि मुद्रांक जास्त लागतो. हप्त्यांच्या तारखाही यात घालू नका. मागणी करताच द्यायच्या चिठ्ठीला हे तिकीट पुरतं, ठरावीक मुदतीच्या चिठ्ठीचा मुद्रांक वेगळा. हप्ते दुसऱ्या कागदावर.

तुम्हाला वाटेल, काकांकडे कागद कसा मागायचा. आईचं नाव पुढे करू नका, तिला उगाच वाईटपणा येतो. सरळ म्हणा, "आपल्या दोघांची वयं झाली, मुलांना हिशेब कळायला हवा." हे खरंच आहे. आपल्यातलं कुणी नसलं तर मागे राहिलेल्यांनी काय बोलायचं?

मुदतीबाबत बरेच जण फसतात. अशा पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात, आपण मागितल्यापासून नव्हे. भिडेपोटी चार वर्षं मागितलेच नाहीत तर हक्क कागदावरच राहतो. तीन वर्षं संपायच्या आत काकांनी "अमुक रक्कम देणे बाकी आहे" असं लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात.

म्हणून हप्ता १०,०००, वीस महिने. दोन लाख मुदतीच्या बऱ्याच आधी फिटतात. काकांची पेन्शन १ तारखेला जमा होते ना? मग ५ तारखेला त्यांच्या खात्यातून आपोआप तुमच्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना त्यांच्या बँकेत द्यायला सांगा. सगळ्यात जास्त जोर मी यावरच देते. तुम्हाला मागावं लागत नाही, त्यांना द्यायला यावं लागत नाही, आणि पारावर दुसऱ्या विषयांवर बोलता येतं. एखादा हप्ता चुकला तर आठवडाभरात तुम्हीच फोन करा. त्यांच्या मुलाकडे किंवा लग्नकार्यात चारचौघांत विषय नको. "या महिन्याचं आलं नाही, पुढच्यात दोन घालू की शेवटी एक वाढवू?" असं विचारा. दोन्ही वाटांनी त्यांचा मान राहतो.

कोरा चेक तारण म्हणून घेऊ नका. अर्धे फिटल्यावर पूर्ण रकमेचा चेक भरला आणि तो परत आला तर चेक न वटल्याचा गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फिटलेली रक्कम चेकवर नोंदवलेली असावी लागते. सातबाराही ठेवून घेऊ नका. तो कुणालाही काढता येतो, त्याने काही अडत नाही, आणि जमिनीचा कागद घेऊन पैसे दिले की सावकारीचा संशय येतो. व्याज तर नकोच. घेतलंत तर ते तुमच्या विवरणपत्रात दाखवावं लागेल, आणि पुढे आणखी दोघातिघांना असंच व्याजाने दिलंत तर विनापरवाना सावकारीची तक्रार होऊ शकते.

उरलेल्या दोन लाखांसाठी काका पतसंस्थेत जामीन राहायला सांगतील. तिथे मात्र नाही म्हणा. उसने दिले तर दोन लाखांपर्यंतच जोखीम. जामीनदाराकडून संस्था मुद्दल, व्याज, सगळं वसूल करू शकते, आणि आधी कर्जदाराकडेच जावं असं तिच्यावर बंधन नाही.

आई म्हणाली, मी इथून थेट काकांच्या खात्यात टाकावेत. तसं नको. मी अनिवासी, ते आपले नातेवाईक नाहीत. कर्ज म्हणावं तर परकीय चलनाचे नियम आडवे येतात, आणि देणगी म्हटलं तर वर्षात ५०,००० च्या वर गेली की सगळ्या रकमेवर त्यांना कर. तुमच्या खात्यात मी पाठवते त्यावर कर नाही, म्हणून तुम्हाला कमी पडलं तर तुम्हालाच पाठवीन.

पोस्टातून तिकिटं आणून ठेवा, दोन आणा, एखादं फाटतं. चिठ्ठीचा फोटो सही होण्याआधी मला पाठवा. आईला पायाची सूज उतरली का ते कळवायला सांगा.

तुमची लेक