कमरेच्या वर उतरू नकोस

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

काल गाडी हलली आणि एक सांगायचं राहूनच गेलं. ओडिशात, भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगेला, माशांच्या त्या संस्थेत तळीच तळी आहेत म्हणतेस. कमरेच्या वर पाण्यात उतरू नकोस. ढिवराची पोर आणि पोहता येत नाही, यात दोष माझा. मोठ्या काकांनंतर आईने तुला पाळीवरच बसवलं आणि मी गप्प राहिलो.

एवढंच लिहिणार होतो. पण परवा रात्री तू सांगितलेलं डोक्यातून जात नाही. आंध्रातल्या बापटल्याचे ते मत्स्यशास्त्रज्ञ, मोडदुगु विजय गुप्ता. बांगलादेशात घरामागचे खड्डे, वर्षातून काही महिनेच पाणी धरणारे. त्यांत त्यांनी गरीब बायकांकडून मासे वाढवून घेतले, शेणावर नि भाताच्या कोंड्यावर. २००५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. "बाबा, ही तर आपली बोडीच!" तू म्हणालीस, तेव्हा मी उगाच जाळं विणायला घेतलं. डोळे भरले होते गं.

आपली बोडी, शेतातली ती लहानशी तळी, धानाला पाणी देऊन माघात आटते. तिच्यात काय वाढणार, म्हणून मी कधी माशांचं बीज टाकलं नाही. आजोबांच्या वेळी जिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, कोलकात्याहून आगगाडीने यायचे, निम्मे वाटेतच मरायचे. पुढे १९५७ मध्ये ओडिशातच हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून बीज काढलं. त्याच मुलखात आता माझी लेक.

बोडीसाठी जिरे नको, मोठी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडायला सांग लोकांना. शेण बेतानं. जास्त झालं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. तसं दिसलं की तू धावत पाण्यात शिरशील, मला माहीत आहे. शिरू नकोस. काठावरूनच बांबूने पाणी बडव, कोणाला तरी हाक मार. बघ, तुलाच शिकवायला लागलो. रागावू नकोस. तू शिकलेली आहेस, मी नुसता पाण्यात राहिलेला.

पावसाआधी बोडीतला गाळ काढून ठेवतो. चुना किती टाकायचा ते कळव.

आणि तिथे कोणी शिकवणारं असेल तर पोहायला शीक. आईला मी सांगतो.

तुझे बाबा