रात्रपाळीच्या सिस्टर आणि वॉर्डातल्या मामांचे आभार

सांगलीतल्या रुग्णालयात आमच्या लेकीच्या मांडीत रॉड बसवला. तिला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा आहे. हाडं ठिसूळ, पाठ वाकलेली, छाती लहान. वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनच्या पंपावर रात्री श्वास मंदावला. बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दाखवत होतं, तरी सिस्टरनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले : आठच! ऑक्सिजन चालू असला की आकडा चांगला दिसतो, आत मात्र कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्यांनी लगेच पंप थांबवून डॉक्टरांना बोलावलं. मामांनी तर काखेत हात न घालता, चौघांनी चादरीसकट अलगद उचलून तिला उशाकडे सरकवलं, बरगडीला धक्का नको म्हणून. पुढे सिस्टर दर तासाला स्पायरोमीटरचे, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राचे, गोळे श्वास ओढून वर न्यायला लावायच्या, "हळू ओढ गं बाळा." सिस्टर, मामा, मनापासून आभार. लेक आता घरी आहे.